तोंडातील न दुखणारी दुखणी ओळखा

पोटात किंवा छातीत काय बिघडले आहे हे पाहायला एक्स-रे, सोनोग्राफी लागते. तोंडाचे तसे नाही. आरसा, उजेड आणि पाच मिनिटे एवढ्यावर तोंडाचा बराचसा भाग कोणालाही स्वतः पाहता येतो. तरीसुद्धा आपल्याकडे तोंडाचे गंभीर रोग उशिरा लक्षात येतात. दाढ ठणकू लागली की रुग्ण रात्रीच दार वाजवतो. गालातला पांढरा चट्टा मात्र दोन-दोन वर्षे तसाच घेऊन फिरतो. विचारले तर म्हणतो, "डॉक्टरसाहेब, दुखत तर काहीच नव्हतं." आजच्या लेखाचा मुद्दा या एका वाक्यात आहे. तोंडात जे फार ठणकते ते बहुधा जिवावरचे नसते, आणि जे जिवावर बेतते ते सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

तोंड कसे पाहावे?

सकाळी चूळ भरून उजेडात आरशासमोर उभे राहावे. कवळी असल्यास काढून ठेवावी. प्रथम ओठ उलटे करून आतून पाहावेत. मग बोटाने एकेक गाल बाजूला ओढून आतली बाजू पाहावी. नंतर हिरड्या, टाळू, जिभेचा वरचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा आणि शेवटी जीभ वर उचलून तिच्याखालची जागा पाहावी. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा विशेष लक्ष देऊन पाहावी, कारण कर्करोग तेथे लपून बसतो. अखेरीस जबड्याखाली व मानेवर बोटांनी चाचपून गाठ लागते का ते पाहावे.

निरोगी तोंड आतून गुलाबी, ओलसर व मऊ असते. आपल्या सावळ्या लोकांच्या हिरड्यांवर काळसर छटा असते, ती नैसर्गिक आहे. जिभेच्या अगदी मागे मोठे दाणे एका ओळीत दिसतात. वरच्या दाढांसमोर गालात एक बारीक उंचवटा असतो, तेथून लाळ येते. या गोष्टी पाहून घाबरू नये.

दातांची कीड

दातात किडा नसतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे अजून गावोगाव भेटतात. ते किडे दातातून आलेले नसतात. साखर व पिठाळ पदार्थांवर तोंडातील जंतू जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते दाताचे कवच विरघळवते. सुरुवातीला खडूसारखा पांढरा डाग दिसतो. मग तो तपकिरी-काळा होतो, खड्डा पडतो, आणि थंड-गोड लागले की दात शिवशिवतो. या वेळी दात भरून घेतला तर वाचतो. पुढे रात्रीचा ठणका सुरू होतो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबला तर दाढ बरी झाली असे समजू नका. आतली नस मेलेली असते आणि पू मुळाकडे उतरत असतो.

हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी चुरून ठेवू नये, त्याने कातडी भाजते. वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूतही खोटी आहे.

एक दुखणे मात्र लगेच रुग्णालयात नेण्यासारखे असते. दाढेच्या दुखण्यानंतर जबड्याखाली कडक सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर एक रात्रसुद्धा घरी काढू नये.

आईवडिलांसाठी एक सूचना. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने तिला दुधाची दाढ समजून दुर्लक्ष केले जाते. ती कायमची दाढ असते आणि गेली तर पुन्हा येत नाही.

हिरड्या व डागाळलेले दात

घासताना हिरडीतून रक्त येते म्हणून अनेक जण दात घासणेच बंद करतात. रक्त येते ते बहुधा दातांच्या कडेला साचलेल्या घाणीमुळे. तिचेच पुढे कीटण बनते, हिरडी सुटते आणि न किडलेले दातही हलू लागतात. दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावे आणि मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत. हिरड्या वारंवार सुजत असतील तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाचा पहिला सुगावा कधीकधी हिरड्याच देतात. रक्त न घासताही येत असेल, सोबत ताप, अशक्तपणा, अंगावर निळे डाग असतील, तर रक्ताची पूर्ण तपासणी करावी.

आपल्या जिल्ह्यातील काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. असे पाणी लहानपणी पिण्यात आले की कायमचे दात येतानाच त्यांवर पांढरट किंवा तपकिरी आडवे पट्टे उमटतात. दोन्ही बाजूंच्या दातांवर ते सारखे दिसतात आणि घासून जात नाहीत. ते काढण्यासाठी विटकरीचा चुरा किंवा राख घासणे म्हणजे दाताचे कवच झिजवणे होय. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. गावातील बऱ्याच मुलांचे दात असे दिसत असतील तर ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पाणी उकळून फ्लोराईड कमी होत नाही.

तोंड येणे

गालात किंवा ओठात बारीक, गोल, पिवळसर व लाल कडेचे फोड येतात. ते झोंबतात, पण आठ-दहा दिवसांत भरून येतात. याला आपण तोंड आले म्हणतो. ते वारंवार येत असेल, जीभ गुळगुळीत व लाल झाली असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, तर रक्त कमी असण्याची किंवा ब जीवनसत्त्वे कमी पडल्याची शक्यता असते. प्रत्येक वेळी पोटातली उष्णता म्हणून सोडून देऊ नये.

दह्यासारखा पांढरा थर जिभेवर किंवा गालात दिसला आणि ओल्या कापडाने पुसता आला तर ती बुरशी असते. तान्ह्या बाळांत, मधुमेहींत आणि दम्याचा पंप घेणाऱ्यांत ती होते व औषधाने जाते. पंप घेतल्यावर चूळ भरावी. मोठ्या माणसात काही कारण नसताना ती वारंवार होत असेल तर मधुमेहाची व एचआयव्हीची तपासणी करणे योग्य.

ही लक्षणे ओळखा

आता न दुखणाऱ्या दुखण्यांकडे वळू.

१) पांढरा चट्टा, जो पुसून जात नाही. तंबाखू किंवा मिसरी जेथे धरली जाते तेथे तो बहुधा दिसतो.

२) मखमलीसारखा लाल चट्टा. हा पांढऱ्यापेक्षाही घातक.

३) दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, मग ती दुखो वा न दुखो. तुटक्या दाताच्या टोकाने झालेली जखम टोक घासून घेतल्यावर भरली पाहिजे. न भरल्यास संशय धरावा.

४) कडक गाठ, जाड झालेली जागा, किंवा कीड व हिरडीचा रोग नसताना हलू लागलेला दात.

५) ओठ किंवा जीभ बधिर होणे, गिळताना अडकणे, आवाज बदलणे, एकाच बाजूचा कान दुखत राहणे, मानेत न दुखणारी गाठ.

६) तोंड कमी उघडणे. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालून पाहा. ती जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

या सहाव्या लक्षणाविषयी थोडे अधिक. आधी तिखटाने तोंड भाजल्यासारखे होते, मग गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठ होते, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड मिटत जाते. आपल्या देशात १९५३ साली डॉ. जोशी यांनी या रोगाचे वर्णन केले. त्याचे मुख्य कारण सुपारी. पूर्वी तो प्रौढांत दिसे. गुटखा व मावा आल्यापासून विशीतली मुले हा रोग घेऊन येतात. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे ती सांगतात. पण नुसती सुपारीही कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. या रोगात ताठ झालेले तोंड पूर्वीसारखे मऊ होत नाही, आणि काहींना त्यातूनच पुढे कर्करोग होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी मिळत नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही.

स्त्रियांची गोष्ट वेगळी. आमच्या भागातील कितीतरी बायका गुटख्याला शिवत नाहीत, पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी दिवसातून चार-पाच वेळा लावतात. त्यांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणे वाटते. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र ती बंदी पोचली नाही.

टोळी निघण्यापूर्वी

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मिसरी लावणारी एक बाई खालच्या हिरडीलगतची जखम दाखवायला आली होती. मी म्हणालो, "मावशी, याचा तुकडा तपासावा लागेल." ती म्हणाली, "मुकादमाची उचल घेतलीय. पाडव्याला आले की दाखवते." ती आली तेव्हा जखम हाडात उतरली होती आणि मानेत गाठ होती. ती वाचली, पण जबड्याचे हाड काढावे लागले. या रोगात पाच महिने फार मोठा काळ असतो. म्हणून माझे सांगणे असे की, कोयत्यावर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याने निघण्यापूर्वी तोंड तपासून घ्यावे. फडावर असताना संशय आला तर कारखान्याच्या भागातील सरकारी रुग्णालयात दाखवावे. गावी परतण्याची वाट पाहू नये.

तुकडा काढला की कर्करोग पसरतो, अशी भीती सर्वत्र आहे. ती निराधार आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही आणि निदानाशिवाय उपचार होत नाही. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचाही उपयोग किती, हे केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात दिसून आले. तेथे आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ साली उपचार झाले. त्यानंतरही ते वर्षानुवर्षे राज्यभर फिरत राहिले. आर. आर. पाटील यांचे मात्र याच रोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी निधन झाले. हा रोग माणूस लहान की मोठा ते पाहत नाही. वेळेवर सापडला तर तो आटोक्यात येतो, एवढे खरे.

कोठे जावे?

प्रथम जवळच्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्याला दाखवावे. पुढील तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागाला जवळ पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे. तंबाखू सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातील सर्वांनी आरशासमोर तोंड पाहावे. म्हाताऱ्या माणसांचे सुनेने किंवा नातवाने पाहावे. संशयास्पद काही दिसले तर दोन आठवडे थांबा. तोवर मिसरी, तंबाखू, सुपारी बंद ठेवा. तेवढ्यात बरे झाले नाही तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा.