वसतिगृहात अडकलेले ते दिवस

प्रश्न : 2020 साली कोरोना आला तेव्हा पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रिणी गावी निघून गेल्या, माझी गाडी रद्द झाली आणि मी वसतिगृहात अडकले. घरात कुणी दगावलं नाही, पुढे नोकरीही लागली. तरी तो विषय निघाला की छाती भरून येते. माझंच अति होतंय का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : मुळीच नाही. कुणी दगावलं तरच दुःख खरं, असा हिशेब स्वतःला लावू नका. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली. 1 मेपासून विशेष गाड्या सुरू होईपर्यंत अडकलेल्या विद्यार्थ्यांपुढे घरी जायची वाट जवळपास बंदच होती. त्यात परीक्षेचं टांगतं ओझं! राज्य सरकारला परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 6 जुलैला त्या सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितल्या, आणि परीक्षेशिवाय पदवी नाही हे सर्वोच्च न्यायालयातून स्पष्ट व्हायला 28 ऑगस्ट उजाडला. विशीतल्या मुलांना इतके महिने अधांतरी ठेवणं क्रूर होतं, असं मला आजही वाटतं. सुटका कधी हेच ठाऊक नसलं की शरीर सतत सावध राहतं, आणि तो ताण घरी पोचल्यावर लगेच ओसरत नाही. शिवाय तुमचा निरोप समारंभही झाला नसणार.

तो आता करा. तेव्हाच्या मैत्रिणींना बोलवा, जमल्यास कॉलेजच्या आवारात एकत्र जाऊन या. झोप उडत असेल किंवा बंद खोलीत जीव घाबरत असेल, तर मात्र समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.