'दुकान बंद'चा सेल : सायकल स्वस्त पडते का?

'दुकान बंद करणे आहे, माल अर्ध्या दरात' अशी पाटी लागली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बाजारात गिऱ्हाइकांची झुंबड उडते. कापडाच्या धंद्यात असे सेल मी पुष्कळ पाहिले. चालता माल पहिल्या दोन दिवसांत उठतो, मागे पडून राहिलेला उरतो. सायकलीचेही तसेच आहे.

सूट छापील किमतीवर मोजू नये. ती कमाल किंमत असते. एरवीही सायकल त्याहून कमी भावात मिळते. म्हणून तीच सायकल दुसऱ्या दोन दुकानांत विचारावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे जुन्या छापील किमतीतले शेकडा सव्वासहा रुपये ही सूट नव्हेच.

पडून राहिलेल्या सायकलीचे टायर कडक होतात, त्यांना तडे जातात. बदलण्याचा खर्च सुटीतून वजा करावा. बारवी धरणाच्या चढ-उताराच्या रस्त्याने जाणाऱ्याने ब्रेक स्वतः तपासावेत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पण दुकानच उठले तर माल परत करणार कोणाला? म्हणून पक्के बिल, फ्रेमचा नंबर आणि कंपनीचे हमीपत्र घ्यावे. हमी केवळ दुकानदाराची असेल तर ती नाही असे समजूनच भाव करावा.

इतके वजा करूनही पैसे वाचत असतील, तर सौदा खरा, बेलाशक घ्यावा.