पाणी ओसरल्यावरचे तीन दिवस

मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाड्या आणि दलदल बुजवून शहर वाढले, पण बुजवलेली जमीन सखलच राहिली. अशा जमिनीवर आणि नाल्यांच्या काठाला वस्त्या कोणाच्या, हे वाचकांना सांगायला नको. (डोंगरउतारावरच्या वस्त्यांना दरडीचा धोका असतो, त्यावर वेगळे लिहू.)

पावसाचे पाणी समुद्रात नेणाऱ्या बऱ्याच नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीत ते पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे फिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. पुढे हाजीअली, इर्ला येथे पंप बसले. तरीही मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरवरची भरती एकत्र आली की गल्लीत पाणी शिरतेच. पालिका या भरतीच्या तारखा-वेळा पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते.

पाणी ओसरले की आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि आजार तिथूनच सुरू होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि जखमेतून, पायाच्या भेगांतून, डोळ्यांतून शरीरात जातात. घरातला गाळ उपसते कोण? बहुतेक घरांत बाईच, तीही अनवाणी. भेगा तिच्याच टाचांना जास्त. निदान त्या दिवशी तरी घरातल्या पुरुषांनी बादली हातात घ्यावी, असे आम्हाला वाटते.

पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि २४ ते ७२ तासांच्या आत पालिकेचा दवाखाना गाठा. तिथे प्रतिबंधक गोळी मोफत मिळते. पायाला जखम होती का, किती वेळा पाण्यात गेलात, हे आपणहून सांगा, डोस त्यावर ठरतो. सफाईचे, नाल्यातले काम करणारे भाऊ पुन्हा पुन्हा पाण्यात उतरतात, त्यांना एका गोळीवर भागत नाही. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मूल यांचे औषध वेगळे असते, म्हणून शेजारणीची गोळी त्यांना देऊ नका.

ताप लगेच येईलच असे नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांत येतो, कधी महिन्यानेही. तोवर पूर विसरलेला असतो, आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून दिवस काढले जातात. तसे करू नका, त्यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. तापाबरोबर पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे ही लेप्टोची खूण. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, दम लागला किंवा थुंकीतून रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या.