वैमानिकाचा कान आणि मनावरचा भार

१९११ साली कॅलब्रेथ रॉजर्स या अमेरिकन वैमानिकाने न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील पॅसाडिनापर्यंत विमान नेले. तो १७ सप्टेंबरला निघाला आणि वाटेत अनेकदा आदळत, विमान दुरुस्त करीत ५ नोव्हेंबरला पोहोचला. अमेरिका खंड विमानाने ओलांडणारा तो पहिलाच. लहानपणीच्या आजाराने त्याचा एक कान गेलेला होता व दुसऱ्याने फारच कमी ऐकू येई. तरी हा पराक्रम त्याला साधला, कारण त्या विमानात ऐकण्याजोगे काही नव्हतेच. खालचे रेल्वेचे रूळ पाहून तो दिशा धरी.

आज वैमानिकाला नियंत्रकाकडून दिशा, उंची, वारंवारता हे सारे रेडिओवर, बहुतांशी आकड्यांत मिळते. ऐकलेला आदेश त्याने परत म्हणून दाखवायचा असतो. अशा वेळी कान अधू असेल तर काय होते?

सततच्या गोंगाटाने येणारा श्रवणदोष बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. स्वरांचा आवाज खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत राहतात. 'स', 'फ' यांसारखी व्यंजने आधी पुसट होतात. "ऐकू येतं रे, पण कळत नाही," असे घरातले आजोबा म्हणतात ते यामुळेच. इंग्रजीतील 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांत स्वर एकच. म्हणून वैमानिकांच्या बोलीत ते 'फाइफ' व 'नाइनर' असे उच्चारतात.

पण समजा, वैमानिकाने आदेश अचूक परत म्हटला. मग काही बिघडले नाही ना? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथेच थांबावे. १९६८ साली पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना गोंगाटातून आकडे ऐकवले. आकडे ओळखता येत होते, तरी ते लक्षात कमी राहिले. एवढेच नव्हे, यादीचा पहिला अर्धा भाग स्वच्छ ऐकवून दुसरा गोंगाटात ऐकवला, तर पहिल्या भागाचेही स्मरण घटले! ओळखण्यातच शक्ती खर्च झाल्यावर घोकायला उरणार किती? लक्ष देण्याची आपली शक्ती मर्यादित असते, हा विचार डॅनियल कानेमन यांनी १९७३ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे. वसतिगृहात शेजारी रेडिओ खरखरत ठेवून मित्राकडून आठ आकडे हळू आवाजात म्हणवून घ्या, म्हणजे अनुभव येईल.

अधू कानाचा वैमानिक हा खर्च प्रत्येक संदेशाला करतो. उतरण्याच्या वेळी उंची, वेग, वारा यांवर नजर ठेवायची असते, आणि नेमके तेव्हाच शेवटचा आकडा ओळखण्याच्या धडपडीत पहिला निसटू शकतो. जुना, मुरलेला वैमानिक अंदाजाने गाळलेली जागा भरून काढतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरतो, आणि म्हणूनच दोष बाहेरच्यांना दिसत नाही.

व्यावसायिक वैमानिकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे: प्रत्येक कानाची हानी ५००, १००० व २००० हर्ट्झला ३५ डेसिबेलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबेलपेक्षा जास्त नसावी. ही तपासणी शांत खोलीत, हाती दुसरे काही काम नसताना होते. जो त्यात बसत नाही त्याला विमानकक्षासारख्या गोंगाटात बोलणे नीट समजते असे दिसले, तर पात्र ठरवता येते. माझ्या मते ही गोंगाटातली परीक्षा सवलत म्हणून न ठेवता सर्वांचीच घ्यावी, आणि तीही हातात सुकाणू देऊन.