नाणेघाट आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंध

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय पदवीच्या वर्गात प्रथम भेटतो तो न्यूयॉर्क, जिनिव्हा, मॉस्को अशी नावे घेऊन. घोडेगाव-मंचरच्या वाटेवर वाढलेल्या मुलाला तो परका वाटतो आणि पालक विचारतात, याचा उपयोग काय? आम्ही इतिहास शिकविणारी माणसे. या विषयाची पहिली पायरी जुन्नरच्या डोंगरात सापडते, असे आमचे मत आहे.

प्रथम मूळ कल्पना. गावात बांधाचा तंटा झाला तर तलाठी आहे, तहसीलदार आहे, न्यायालय आहे. दोन राज्यांत तंटा झाला तर निकाल देऊन तो सक्तीने अमलात आणणारी, सर्वांवरची सत्ता नाही. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद आहे; परंतु तिथे पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. या स्थितीला अभ्यासक ‘अराजक’ म्हणतात. त्याचा अर्थ गोंधळ असा नव्हे, तर वरिष्ठ सत्तेचा अभाव एवढाच आहे. आजच्या अर्थाचे सार्वभौम राज्य १६४८ च्या वेस्टफालिया तहापासून मोजण्याची रीत आहे. म्हणून सातवाहनांना ‘राष्ट्र’ म्हणू नये; मात्र त्यांचे परस्परांशी वागणे तपासण्यास हरकत नाही.

कोकणातून देशावर येणारा माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांची त्यात नोंद आहे. व्यापारी ज्या खिंडीतून जातात तिथेच आपल्या वैभवाचा हिशेब कोरावा, यातच राजकारण आले.

ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याण बंदराची हकीकत आहे. थोरल्या सरगनसच्या काळात तिथे रीतसर बाजार होता. संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तो अडविला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. शत्रूचे बंदर सुकवून आपले भरणे, याला आज आर्थिक नाकेबंदी म्हणतात. मंचरच्या कांदा उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबविली. कारण निराळे होते, देशातील भाव. पण सीमेवरचे दार उघडावे की लावावे हे राज्य ठरविते, आणि त्या अधिकाराचेच नाव सार्वभौमत्व.

जुन्नर काही काळ क्षहरात क्षत्रपांकडे गेले. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला; त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळविली नाहीत, चांदी तीच ठेवली, मालक बदलला. पुढच्या पिढीत पारडे पुन्हा फिरले. इ.स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ लेखात रुद्रदामन म्हणतो, की दक्षिणापथपती सातकर्णीस दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. कान्हेरीच्या लेखावरून सातवाहन राणी क्षत्रपकन्या असल्याचे दिसते, तेव्हा ही सोयरीक खरी. सत्तासंतुलन म्हणजे काय, ते या शंभरेक वर्षांत दिसते.

हे सर्व वाचून वास्तववादी म्हणेल : पाहा, बळच खरे. उदारमतवादी म्हणेल : व्यापाराने दोघांनाही बांधून ठेवले, म्हणून तर नाणी चालू राहिली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु जुन्नरचे तीन लहान लेख दोघांच्याही चौकटीत नीट मावत नाहीत. इरिल, चिट आणि चंद ही त्या दात्यांची नावे. तिघेही स्वतःला ‘यवन’ म्हणवितात. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करविले. इरिल आणि चिट यांच्या नावापुढील ‘गतानं’ या शब्दावर विद्वानांचा वाद आहे. तो तूर्त बाजूस ठेवू. दुसरीकडे नाशिकचा लेख गौतमीपुत्राचा गौरव करताना शक, यवन, पह्लवांचा संहारक म्हणतो आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याचेही श्रेय देतो. एकच शब्द, ‘यवन’. प्रशस्तीत तो शत्रू आहे, लेण्यात उपासक. आपला कोण आणि परका कोण हे निसर्गतः ठरलेले नसून माणसे ते घडवितात, असे मानणाऱ्या विचाराला रचनावाद म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना हा सिद्धांत पुस्तकाआधीच ठाऊक असतो.

तर मग बौद्धांनी बळाचे गणित सोडून द्यावे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते सोडले नाही. मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला : साडेतीनशे कोटींच्या महसुलातील सुमारे एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे. एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीन करारात पंचशील तत्त्वे आली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत ते म्हणाले, की पंचशील हा बुद्धधम्माचा भाग आहे आणि माओंची त्यावर श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळे वागविले असते. शब्द कितीही पवित्र असो, बोलणाऱ्याचे वर्तन तपासा, ही त्यांची कसोटी. आणि दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनीच लाखो लोकांना पंचशील दिले.

या दोहोंत विसंगती आहे काय, हा प्रश्न आम्ही वर्गात ठेवतो आणि मुले तासभर भांडतात. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत ही भाषणे आहेत. कला शाखेला गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकाआधी ती वाचावीत, आणि सुट्टीत गावी आल्यावर मानमोडी चढावी.