व्हॉयनिच हस्तलिखित : स्वामित्वाची परंपरा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

हस्तलिखित कोणाकोणाच्या हाती होते हा एक प्रश्न आणि ते कोणी रचले हा दुसरा. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळतात. पोथी एखाद्या मठात सापडली की ती त्या मठाच्या मूळ पुरुषाची मानली जाते. एखाद्या राजाच्या संग्रहाचा शिक्का दिसला की राजाच्या पदरी असलेल्या पंडिताकडे कर्तृत्व दिले जाते. असा सांधा जोडताना कोणते प्रमाण कोणत्या विधानास आधार देते, याचे भान सुटते. या दृष्टीने व्हॉयनिच हस्तलिखिताचे उदाहरण बोधप्रद आहे. त्याचा मजकूर आजवर कोणासही निर्विवादपणे वाचता आलेला नाही. त्यामुळे कर्त्याविषयी अंतर्गत प्रमाण जवळजवळ नाही आणि संशोधकांची सारी भिस्त बहिःप्रमाणावर, म्हणजे मुख्यतः स्वामित्वाच्या इतिहासावर पडली आहे. हा भार त्या इतिहासास कितपत पेलतो, हे येथे पाहावयाचे आहे.

१. हस्तलिखिताचे स्वरूप

हे हस्तलिखित अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बाइनेके ग्रंथालयात 408 या क्रमांकाने जतन केलेले आहे. लांबीरुंदीने ते सुमारे 23 बाय 16 सेंटिमीटर आहे. चर्मपत्राची शंभराहून थोडी अधिक पत्रे त्यात उरली असून काही पत्रे उलगडून मोठी होतात. पत्रांना दिलेले क्रमांक 116 पर्यंत जातात, मात्र ते लेखनानंतरच्या काळातील आहेत आणि त्यांतील काही पत्रे गहाळ आहेत. चित्रांवरून ग्रंथाचे ढोबळ विभाग पाडले जातात : वनस्पती, राशी व खगोल, कुंडांत वा नलिकांत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या आकृती, औषधी पात्रे व मुळे, आणि शेवटी तारकांच्या खुणा असलेले लहान लहान परिच्छेद. बहुतेक वनस्पतींची ओळख पटलेली नाही.

लिपी डावीकडून उजवीकडे जाते. तिच्यातील नेहमीची चिन्हे वीस ते तीसच्या दरम्यान आहेत. हात सराईत आहे आणि खाडाखोड फारच थोडी. शब्दांची रचना विलक्षण नियमबद्ध असून एकच शब्द लागोपाठ दोन-तीनदा येण्याचे प्रमाणही लक्षणीय आहे. 1976 मध्ये प्रेस्कॉट करिअर यांनी मजकुराचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाषिक प्रकार दाखवले. लिझा फेगिन डेव्हिस यांनी 2020 मध्ये अक्षरवटिकेच्या आधारे पाच लेखनिकांचे हात वेगळे केले.

काळासंबंधी सर्वांत भक्कम प्रमाण भौतिक आहे. 2009 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात चार पत्रांच्या नमुन्यांची कार्बन-14 चाचणी झाली. तीवरून चर्मपत्राचा काळ 95 टक्के संभाव्यतेने 1404 ते 1438 असा ठरला. चाचणी चर्मपत्राचा काळ सांगते, लेखनाचा नव्हे, हे खरे. परंतु एवढे चर्मपत्र कोरे राखून कित्येक पिढ्यांनी वापरले गेले, असे मानण्यास स्वतंत्र पुरावा लागेल. वेशभूषा, राशिचक्राची मांडणी आणि एका मोठ्या पत्रावरील किल्ल्याच्या दुभंगलेल्या कंगोऱ्यांची तटबंदी ही लक्षणेही पंधराव्या शतकातील युरोपशी विसंगत नाहीत. तसे कंगोरे उत्तर इटलीत विशेष आढळतात, एवढ्यावरून ग्रंथ इटलीचा ठरत नाही. चित्रकाराने ते पाहिले होते किंवा चित्रांत पाहिले होते, इतकेच त्यावरून म्हणता येईल.

२. स्वामित्वाची साखळी

या साखळीचा विचार आजच्या टोकाकडून मागे जात केल्यास निश्चित दुवे आणि अनुमाने वेगळी करणे सोपे जाते.

ग्रंथविक्रेते एच. पी. क्राउस यांनी 1969 मध्ये हे हस्तलिखित येल विद्यापीठास दिले. त्यांनी ते 1961 मध्ये अ‍ॅन निल यांच्याकडून 24,500 डॉलर्सना घेतले होते. पुढे त्यांनी 1,60,000 डॉलर्सची किंमत मागितली, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. अ‍ॅन निल यांच्याकडे ते एथेल लिलियन व्हॉयनिच यांच्याकडून 1960 मध्ये वारशाने आले होते. एथेल या ‘द गॅडफ्लाय’ कादंबरीच्या लेखिका आणि ज्यांच्या नावाने हे हस्तलिखित ओळखले जाते त्या विल्फ्रिड व्हॉयनिच यांच्या पत्नी.

विल्फ्रिड व्हॉयनिच यांनी 1912 मध्ये इटलीत जेझुइटांकडून इतर काही ग्रंथांसह ते विकत घेतले. व्यवहार गुप्त ठेवावयाचा असल्याने त्यांनी हयातभर दक्षिण युरोपातील एका जुन्या वाड्याचा मोघम उल्लेख केला. खरे स्थळ एथेल यांनी मृत्यूनंतर उघडण्यासाठी ठेवलेल्या पत्रातून पुढे आले. ते रोमनजीकच्या फ्रास्काटी येथील होते. ग्रंथांवरील खुणांवरून हा संग्रह जेझुइट संघाचे प्रमुख पिएर बेक्स यांच्या खासगी मालकीचा म्हणून दाखवलेला होता, असे दिसते. 1870 नंतर इटालियन राज्याने धर्मसंघांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा खासगी ग्रंथांना मिळणारी सूट घेण्याचा तो मार्ग होता.

येथून मागे सुमारे दोन शतकांची पोकळी आहे. तिच्या पलीकडे उभा आहे रोममधील जेझुइट विद्वान आथानासिउस किर्शर. प्राग येथील वैद्य व विद्वान योहान्नेस मार्कुस मार्सी याने किर्शरला पाठवलेले पत्र हस्तलिखितासोबतच व्हॉयनिच यांच्या हाती आले. पत्राची तारीख 19 ऑगस्ट असून साल 1665 किंवा 1666 असे वाचले जाते. आपल्या एका निकटच्या मित्राने मृत्युपत्राने हा ग्रंथ आपणास दिला, असे मार्सी सांगतो. मित्राचे नाव तो देत नाही, पण ते गेओर्ग बारेश होते हे किर्शरच्या पत्रसंग्रहातून निश्चित झाले आहे. 1639 मध्ये बारेशने स्वतः किर्शरला लिहिलेले पत्र त्या संग्रहात आहे.

बारेशच्या आधीचा एकच दुवा प्रत्यक्ष हस्तलिखितावर आहे. पहिल्या पत्रावर पुसून टाकलेली स्वाक्षरी याकूब होर्चित्स्की याची आहे. तो सम्राट दुसरा रूडॉल्फ याच्याशी संबंधित औषधनिर्माता होता. त्याने येथे ‘टेपेनेच’चा या पदवीने नाव लिहिले आहे आणि ही पदवी त्यास 1608 मध्ये मिळाली. तो 1622 मध्ये निवर्तला. म्हणजे स्वाक्षरी या चौदा वर्षांतील आहे. चर्मपत्राच्या काळानंतर पहिला नाव असलेला मालक येथे प्रथम भेटतो. मधली सुमारे पावणेदोनशे वर्षे मूक आहेत.

३. मार्सीच्या पत्रातील साक्ष

रूडॉल्फ आणि रॉजर बेकन ही दोन नावे या कथेत येतात ती याच पत्रामुळे, म्हणून त्याची चिकित्सा काटेकोरपणे केली पाहिजे. मार्सी लिहितो की डॉ. राफाएल याने आपणास असे सांगितले : हा ग्रंथ सम्राट रूडॉल्फच्या मालकीचा होता, आणणाऱ्यास सम्राटाने 600 डुकाट दिले, आणि ग्रंथाचा कर्ता इंग्लंडचा रॉजर बेकन असावा असे त्यास वाटत होते. शेवटच्या मुद्द्यावर मार्सी स्वतः मत राखून ठेवतो.

या साक्षीच्या पायऱ्या मोजाव्यात. रूडॉल्फ 1612 मध्ये वारला. राफाएल म्निशोव्स्की 1644 मध्ये वारला. मार्सी हे सांगतो आहे त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीची घटना दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली आणि तीही आठवणीतून नोंदवलेली. त्याहून महत्त्वाचे असे की ग्रंथ प्रत्यक्ष बाळगणारा बारेश 1639 च्या पत्रात सम्राटाचे नाव घेत नाही, बेकनचेही घेत नाही. ग्रंथात वैद्यकविद्या असावी आणि कोणी तरी पूर्वेकडे प्रवास करून ती मिळवली असावी, असा त्याचा तर्क होता. मौनातून काढलेला निष्कर्ष दुबळा असतो हे मान्य. पण मालकालाच ठाऊक नसलेली किंवा सांगावीशी न वाटलेली वंशावळ दुसऱ्या पिढीत प्रकट व्हावी, ही गोष्ट सावधगिरीची आहे.

रूडॉल्फविषयीचे विधान मात्र तपासता येण्याजोगे आहे, कारण दरबारी हिशेब उरले आहेत. स्टेफान गुझी यांनी त्यांचा शोध घेऊन 2022 मध्ये असे सुचवले की 1599 मध्ये कार्ल विडेमान याने सम्राटास विकलेल्या पुस्तकांच्या व्यवहाराशी हे विधान जुळते. तेथे रक्कम 500 टालर, म्हणजे 600 फ्लोरिनांच्या बरोबरीची आहे. आकडा जुळतो, नाणे तेच नाही, आणि नोंदीत या हस्तलिखिताचे वर्णन नाही. तरीही हे ऐकीव साक्षीस प्रथमच लेखी कागदाजवळ नेणारे संशोधन आहे. ते मान्य झाले, तरी सिद्ध होईल ते स्वामित्व. विडेमानकडे ग्रंथ कोठून आला आणि तो कोणी रचला, हे प्रश्न जागच्या जागी राहतात.

४. कर्तृत्वाच्या उपपत्ती आणि त्यांचा उगम

कर्त्यासंबंधीची सर्वांत गाजलेली उपपत्ती रॉजर बेकनची. तिचा एकमेव जुना आधार वरील ऐकीव वाक्य हाच आहे. व्हॉयनिच यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञाचा गुप्त ग्रंथ ही गोष्ट ग्रंथविक्रेत्यास किती लाभाची होती, हे वेगळे सांगावयास नको. बेकनचा ग्रंथ प्रागला पोहोचवावयाचा तर मध्यस्थ हवा, म्हणून जॉन डी याचे नाव जोडण्यात आले. डी 1580 च्या दशकात बोहेमियात होता हे खरे, परंतु त्याच्या दैनंदिनीत हे पुस्तक सम्राटास विकल्याची नोंद नाही. येथे कर्त्याचे नाव आधी ठरले आणि मालकांची साखळी त्यास अनुकूल अशी नंतर ओवली गेली.

1921 मध्ये विल्यम रोमेन न्यूबोल्ड यांनी अक्षरांच्या रेषांत सूक्ष्म लघुलिपी पाहिली आणि बेकनच्या नावाने आश्चर्यकारक शोध वाचून दाखवले. जॉन मॅन्ली यांनी 1931 मध्ये ते मत खोडून काढले. त्या सूक्ष्म खुणा म्हणजे जुन्या शाईला पडलेल्या भेगा होत्या आणि वाचनाची रीत इतकी सैल होती की तीतून कोणताही मजकूर निघू शकला असता. चर्मपत्राच्या कालमापनाने तर बेकन 1292 च्या सुमारास वारला असल्याने हे हस्तलिखित त्याच्या हातचे असणे अशक्य ठरले. जुन्या बेकनकृत ग्रंथाची नंतरची प्रत ही पळवाट उरते, पण तिच्यासाठी प्रमाण नाही.

व्हॉयनिच यांनीच ही बनावट केली, ही दुसरी टोकाची उपपत्ती. बारेशचे 1639 चे पत्र आणि पंधराव्या शतकातील चर्मपत्र यांच्यापुढे ती टिकत नाही. मजकूर अर्थशून्य असावा हा विचार याहून वेगळा आहे. गॉर्डन रग यांनी 2004 मध्ये तक्ता व छिद्रे असलेली पट्टी वापरून तशा दिसणाऱ्या शब्दमाला निर्माण करता येतात हे दाखवले. त्यातून शक्यता सिद्ध होते, घटना नव्हे. उलट बाजूस संकेतलिपितज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांचे मत असे होते की ही कृत्रिमपणे रचलेली भाषा असावी. पाच लेखनिकांचे मत ग्राह्य धरल्यास ‘एक गूढ कर्ता’ ही कल्पनाच ढिली पडते. मग कर्त्याऐवजी लेखनिकांचा एक गट आणि त्यांना ठाऊक असलेली एखादी लेखनपद्धती, असा विचार करावा लागतो.

५. सकळ लिपीशी तुलना

मराठीच्या अभ्यासकास येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ही सांकेतिक लिपी रवळो व्यास यांच्या नावाशी निगडित आहे. ती मुख्यतः नागरी अक्षरांच्या अदलाबदलीवर उभारलेली होती. पंथाबाहेरच्या वाचकास ती शतकानुशतके बंद राहिली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला आणि महानुभाव वाङ्मय मराठी वाङ्मयेतिहासात येऊ शकले.

या दोन उदाहरणांतील भेद मूलगामी आहे. सकळ लिपीतील पोथ्यांचे मालक हेच त्यांचे वाचक होते. किल्ली गुरुशिष्यपरंपरेने पोथीबरोबर चालत आली. भाषा माहीत होती, ग्रंथांची नावे माहीत होती आणि उलगडा बरोबर की चूक हे ठरवणारा जिवंत समाज होता. व्हॉयनिच हस्तलिखिताच्या बाबतीत ज्ञात मालकांपैकी एकालाही ते वाचता आलेले नाही. पहिल्या पत्राच्या समासात रोमन अक्षरे व ग्रंथातील चिन्हे समोरासमोर मांडणारे फिकट स्तंभ आहेत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुवर्णीय छायाचित्रांच्या आधारे डेव्हिस यांनी ते अक्षर मार्सीचे असल्याचे मत मांडले. म्हणजे सतराव्या शतकातील मालकही आजच्या अभ्यासकाप्रमाणे बाहेर उभा राहून किल्ली शोधत होता. स्वामित्वाची परंपरा आहे, वाचनाची परंपरा नाही. म्हणूनच या मालकांच्या साक्षीस कर्तृत्वाच्या प्रश्नात विशेष अधिकार देता येत नाही.

६. निष्कर्ष

प्रमाणांची प्रतवारी केल्यास चित्र असे दिसते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चर्मपत्र, 1608 ते 1622 मधील होर्चित्स्कीची स्वाक्षरी, त्यानंतर बारेश, मार्सी व किर्शर, आणि 1912 पासूनचे मालक हे निश्चित दुवे होत. रूडॉल्फचे स्वामित्व संभाव्य असून नव्या कागदपत्रांनी त्यास काहीसे बळ दिले आहे. डी याचा संबंध अनुमानाचा आहे. बेकनचे कर्तृत्व अग्राह्य आहे.

ज्ञात मालकांपैकी पहिला मालक आणि लेखनाचा काळ यांत पावणेदोन शतकांचे अंतर असताना मालकांच्या नावांतून कर्ता शोधणे पद्धतीच्या दृष्टीने सदोष ठरते. मराठीतही नाममुद्रेवरून अभंगांचे किंवा सापडल्या स्थळावरून पोथ्यांचे कर्तृत्व ठरवण्याचे प्रसंग अभ्यासकासमोर येतात. अशा वेळी नाव प्रथम कोणी घेतले, घटनेनंतर किती काळाने घेतले आणि ते घेण्यात त्याचा कोणता लाभ होता, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. 600 डुकाटांची वार्ता सांगणाऱ्या पत्रातच मार्सीने कर्त्याविषयी मत राखून ठेवले होते. त्याच्यानंतरच्या अनेकांनी वार्ता उचलली आणि तो संयम मात्र मागे ठेवला.