हांटूच्या गढूळ पाण्यात कोणता कॅमेरा?

प्रश्न : सिंगापूरच्या लिटिल इंडियात राहतो. डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स नुकताच झाला. पुलाऊ हांटूला आणि सुट्टीत मालवणला डायव्हिंग करायचंय. कॅमेरा कोणता घेऊ?

उत्तर : मोठ्या कॅमेऱ्याचा मोह आत्ता टाळा. हांटूला पुष्कळदा दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. तिथली खरी श्रीमंती बोटाच्या पेराएवढ्या, बिनशिंपल्याच्या रंगीत गोगलगायींत आहे. त्यासाठी ऑलिंपस टीजी-६ किंवा ओएम सिस्टम टीजी-७ उत्तम. भिंगापासून अवघ्या एका सेंटिमीटरवरचंही टिपतो. मात्र नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंतच चालतो आणि ओपन वॉटरनंतर तुमची मर्यादा १८ मीटरची, म्हणून हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं जलरोधक कवच, हवंच.

मुस्तफा सेंटर घराजवळच आहे. तिथे किंवा सिम लिम स्क्वेअरला भाव जरूर काढा, पण हाउसिंग नेमकं तुमच्याच मॉडेलचं आहे ना, हे कॅमेरा आत बसवून पाहा. उरलेले पैसे दिव्यावर खर्च करा. पाणी लाल रंग आधी गिळतं, म्हणून खोलवरचे फोटो निळे-हिरवे येतात. दिवा भिंगाला चिकटून नको, लांब दांडीवर बाजूला असू द्या. नाहीतर मालवणच्या पाण्यातला गाळही चांदण्यांसारखा चमकेल.

हाउसिंगची रबरी कडी दर वेळी बोट फिरवून तपासा. एक केस अडकला तरी पाणी शिरतं! पहिली डुबकी कॅमेऱ्याविना, रिकाम्या हाउसिंगची. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.